सात किलोत चार महिने

2022 च्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा मुलाकडे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला गेले, तेव्हा माझ्याजवळ तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. लातूर स्टेशनावर त्या चढवायला जावई होते, मुंबईत उतरवायला भाचा आला होता. पुढं विमान बदलताना एक बॅग मागं राहिली आणि पाच दिवसांनी घरी पोचली. ते पाच दिवस मी अंगावरचा ड्रेस, मुलाचे दोन टी-शर्ट आणि पर्समधल्या बीपीच्या गोळ्या एवढ्यावर काढले. रात्री ड्रेस धुवायचा, सकाळी घालायचा. बॅग आली तेव्हा मुलानं विचारलं, "आई, आधी काय काढू?" मला सांगता येईना. तिच्यात सहा साड्या होत्या. त्यातल्या चार 84 दिवसांनी घडी न मोडता लातूरला परत आल्या.

त्यानंतर 2024 मध्ये जानेवारी ते एप्रिल असे 118 दिवस मी आणि परभणीची माझी मैत्रीण व्हिएतनाम, थायलंड आणि मलेशिया फिरून आलो. तीही माझ्यासारखीच जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. 2025 मध्ये मी पुन्हा डेल्फ्टला 86 दिवस राहिले. दोन्ही वेळी पाठीवर एकच पिशवी, सात किलोच्या आत. आता ओळखीच्या बायका विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. पन्नाशी-साठीतल्या बायकांसाठी तर मुद्दाम. आपलं सामान उचलायला कुणी सोबत नाही म्हणून जाणंच रद्द केलेल्या तिघी-चौघी मला माहीत आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी हिशोब

चार महिन्यांना चार महिन्यांचे कपडे लागत नाहीत. दोन धुण्यांच्या मधे जेवढे दिवस जातात तेवढ्यांचे लागतात. मी दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुते, म्हणून अंगावरचा एक जोड आणि पिशवीत तीन, एवढ्यात भागतं. दहा दिवसांची सहल असो की शंभर दिवसांचा मुक्काम, माझी पिशवी तीच. वाढतात त्या फक्त गोळ्या.

ही गोष्ट मला खरं तर फार आधी कळायला हवी होती. नोकरीची पहिली काही वर्षं मी धारूर तालुक्यात होते. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला निघायची, ती पाच-सहा महिन्यांनी परत. ट्रॅक्टरवर एकेक बिऱ्हाड चढताना मी पाहिलंय: तवा, परात, पिठाचा डबा, दोन वाकळा, कोयते, पाण्याची घागर, बाळाची झोळी. ते लोक हौसेनं निघत नव्हते आणि त्यांच्या कष्टाशी माझ्या फिरण्याची बरोबरी मी करणार नाही. पण रोज हाताला लागणारी वस्तू कोणती हे त्या बायकांना जितकं नेमकं ठाऊक होतं, तितकं मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. एका पालकबाईंनी तेव्हा सांगितलं होतं, "बाई, जे रोज लागत नाही ते तिथं कुणाकडून तरी मागून घेता येतं." मी आजही भरायला बसले की प्रत्येक वस्तू हातात धरून हेच विचारते: रोज लागेल का? नसेल, तर तिथं मिळेल का? नेदरलँड्समध्ये आणि व्हिएतनाममध्येही साबण, छत्री, मोजे, कंगवा सगळं मिळतं.

आपल्याकडे वजन वाढवणारा शब्द एकच आहे: "असू द्या." एक जास्तीचा स्वेटर असू द्या, दुसरी चप्पल असू द्या, हळदी-कुंकवाला बोलावलं तर एक जरीची असू द्या. 2022 ची ती सेहेचाळीस किलो अशीच भरली होती.

पिशवी

बहुतेक विमान कंपन्यांच्या साध्या तिकिटात हातसामानाला, म्हणजे विमानात आपल्यासोबत नेतो त्या पिशवीला, सात किलोची मर्यादा असते, काहींची आठ. आकार साधारण 55 × 35 × 25 सेंटीमीटर. भारतातून निघताना हातसामानाची एकच पिशवी नेता येते, शिवाय बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी. पण प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा असतो, तेव्हा आपल्या तिकिटावरचा वाचा. पुढं युरोपात स्वस्त विमानानं फिरणार असाल तर जास्तच जपा. तिथल्या बऱ्याच कंपन्या फुकटात फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी घेऊ देतात, मोठीचे वेगळे पैसे पडतात आणि ते विमानतळावर भरले तर तिकिटाहून महाग जाऊ शकतात.

मी पिशवी लातूरच्या गंज गोलाई बाजारातून घेतली. दुकानात माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "बाई, चाकाची घ्या की. या वयात पाठीवर घेऊन कुठं जायलात?" मी त्याला दोन्ही काट्यावर ठेवायला लावल्या. चाकाची रिकामी बॅग दोन किलो आठशे, पाठीवरची अकराशे ग्रॅम. सातातले पावणेतीन किलो बॅगेलाच द्यायचे, तर आत काय भरायचं? शिवाय हनोईच्या जुन्या भागातल्या फुटपाथवर स्कूटी लावलेल्या असतात आणि डेल्फ्टच्या घराला उभा, अरुंद जिना आहे. दोन्ही ठिकाणी चाकं काही कामाची नाहीत.

पाठीवरची घेताना कमरेचा पट्टा रुंद असलेलीच घ्या. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला की वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. मला मानेचा त्रास आहे, तरी अर्धा-पाऊण तास चालू शकते. घरी सात किलो ज्वारी भरून गच्चीचा जिना दोनदा चढून-उतरून बघा. तेव्हा दुखलं, तर कंबर आणि मान धरून बसण्याआधी वजन कमी करा. आणि गुडघ्यांनी किंवा मणक्यानं साथ सोडलेली असेल, तर चाकाची हलकी कापडी बॅग घ्या आणि कपड्यांतला एक जोड वगळा. त्यात कमीपणा काहीच नाही.

कपडे, आणि साडीचा प्रश्न

माझ्या पिशवीत तीन कुर्ते, दोन सलवारी, आतले चार जोड, थंडीचा अंगाला चिकटून बसणारा एक जोड आणि एक साडी असते. मिळून दोन किलो सहाशे. अंगावर चौथा कुर्ता, जाड पँट, स्वेटर, जाकीट आणि बूट. जड ते अंगावर घालायचं, कारण अंगावरचं कुणी तोलत नाही. मुंबईत घाम येतो, पण विमानात बसल्यावर तेच जाकीट उशी होतं. पिशवीत फक्त रबरी चप्पल. चार रंग घेऊ नका. माझं सगळं निळं, राखाडी आणि एक गर्द लाल आहे, त्यामुळं कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर चालतो.

साडी न्यावी का? न्यावी, एकच. माझ्या मैत्रिणीनं नेली नव्हती आणि हनोईत घरमालकीणबाईंनी टेट या त्यांच्या नववर्षाला जेवायला बोलावलं, तेव्हा तिला फार चुटपुट लागली. पण सुती नको आणि पैठणी तर नकोच. माझी जॉर्जेटची आहे, चारशे ग्रॅम भरते, मुठीत मावेल एवढी गुंडाळते आणि इस्त्री मागत नाही. परकर आणि ब्लाऊज धरून सातशे.

कापडाबद्दल आपल्या भागातल्या माणसाची हमखास चूक होते, माझीही झाली. आपल्याला सुतीची सवय. लातूरला मे महिन्यात सुती साडी वाळत घातली की भाजी निवडून होईपर्यंत वाळते, कारण आपली हवा कोरडी. डेल्फ्टच्या ऑक्टोबरमध्ये तोच सुती कुर्ता दोन दिवस ओलसर राहतो आणि मग कुबट वास मारतो. सूत पाणी धरून ठेवतं, मिश्र धाग्याचं कापड कमी धरतं. म्हणून बाहेर टेरिकॉट किंवा नायलॉन-मिश्र कापड घ्या. आतले कपडे अंगाला सोसतील तेच, पण पातळ विणीचे.

थंडीला जाड एक नको, पातळ तीन घ्या. व्हिएतनाम म्हणजे उकाडा, असं समजून आम्ही जाणार होतो. बरं झालं मुलानं सांगितलं. हनोईत जानेवारीत भुरभुर पाऊस आणि पंधरा-सोळा अंश, त्याच महिन्यात दक्षिणेला हो ची मिन्ह सिटीत बत्तीस. कुर्त्याच्या आत अंगाला चिकटणारा जोड, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, एवढं केलं की दोन्हीकडं निभतं. शाल साडेतीनशे ग्रॅमची, लोकरीची. ती विमानात पांघरूण, देवळात पदर आणि ताप आला त्या रात्री माझी वाकळ झाली.

धुणं

सात किलोची सगळी मदार धुण्यावर आहे, आणि ती कला लातूरच्या बाईला वेगळी शिकावी लागत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या महिन्यांत एका बादलीत चौघांचे कपडे निघायचे. सगळा कपडा साबणात बुडवायचा नाही. गळा, काखा, बाह्यांची टोकं आणि सलवारीची खालची किनार, एवढ्यालाच साबण लावायचा, चोळायचं, आणि थोडंथोडं पाणी घेऊन दोनदा खळबळायचं. पाणी एकदम ओतलं की फेस वाढतो आणि निघत नाही. हॉटेलच्या हात धुवायच्या भांड्यात हे अगदी नीट होतं. आंघोळीच्या वेळीच उरकायचं, मागं ठेवायचं नाही.

मग वाळवणं. पिळलेला कपडा कोरड्या पंचावर पसरा, पंचासकट वळकटी करा आणि दोन्ही टोकांनी उलट-सुलट पिळा. जास्तीचं पाणी पंचा ओढून घेतो. नंतर कपडा रात्रीत वाळतो, पंचा सकाळी खिडकीत. जाड टॉवेल मी नेतच नाही. पंचा दीडशे ग्रॅमचा, अंग पुसायलाही तोच.

दोरीसाठी परकराची नाडी न्या. तीन मीटरच्या दोन नाड्या एकमेकींत पीळ देऊन गुंफल्या की पिळाच्या फटीत कपड्याचं टोक खोचता येतं, चिमटे लागत नाहीत. दाराच्या कडीपासून खिडकीपर्यंत बांधायची. हिटरवर ओला कपडा टाकू नका, धोक्याचं आहे. महिन्यातून दोनदा जाकीट, स्वेटर, शाल लॉण्ड्रीत टाकायची. तेवढा खर्च धरून चाला.

पातळ पदार्थ, आणि खाण्याचं

बहुतेक विमानतळांवर हातसामानात कोणताही पातळ पदार्थ 100 मिलीलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. 2006 पासून जगभर हा नियम पसरला. बाटलीवरचा आकडा बघतात, आत किती उरलंय ते नाही. दोनशेच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल असलं तरी ते जातं. टूथपेस्ट, मलम, काजळ, ओलं गंध हेही पातळातच मोजतात. सगळं मिळून एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत बसलं पाहिजे आणि तपासणीत चटकन काढता आलं पाहिजे. अंगाचा, केसांचा आणि कपड्यांचा साबण वडीचा घेतला की निम्मा प्रश्न मिटतो. खोबरेल मी पन्नास मिलीच नेते. डेल्फ्टच्या थंडीत ते दगड होतं, रात्री उशाशी घेऊन झोपावं लागतं.

खाण्याच्या बाबतीत मन घट्ट करा. तिखट, मसाल्याची पूड, लोणचं आपल्या विमानतळांवर हातसामानातून सहसा जाऊ देत नाहीत. 2024 ला माझी शेंगदाण्याची चटणी तिथंच ठेवून जावं लागलं, घरच्या उखळात कुटलेली होती, डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीचा अडकित्ताही त्याच टेबलावर राहिला. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप नाही आणि कुंथलगिरीचा पेढाही नाही. दुबई किंवा अबुधाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथं आणि सिंगापूरला तिच्यावर बंदी आहे. आपल्या अनारशांवर खसखस असते, हे दिवाळीच्या सुमारास निघताना कुणाच्या लक्षात येत नाही.

मी आता फक्त वाटेपुरते धपाटे घेते. दोन दिवस टिकतात आणि तपासणीत कुणी अडवलं नाही. मुलाला येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ, हवं असतं. ते तिथंच करते. द हेगमध्ये सुरिनामहून आलेले हिंदुस्तानी लोक मोठ्या संख्येनं राहतात, त्यांच्या दुकानांत धने, उडीद डाळ, हरभरा डाळ, मिरे, दालचिनी सगळं मिळतं. कढईत भाजून मिक्सरवर काढलं की झालं. चव आपल्या ज्वारीच्या येसराची येत नाही, पण मुलगा वाटी चाटून पुसून ठेवतो.

गोळ्या, कागद, तारा

गोळ्या मुक्कामाचे दिवस अधिक पंधरा, एवढ्या. खोकी टाकून द्या, पण पट्ट्यांतून गोळ्या काढून डबीत भरू नका. पट्टीवरचं नाव दिसलं पाहिजे. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे, इंग्रजीत लिहून सही-शिक्का घ्या. आखाती देशांतून जाताना ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली औषधं फार जपून, आपल्याकडची काही दुखण्याची आणि खोकल्याची औषधं त्यात येतात. लेबल नसलेलं घरगुती चूर्ण तर कुठंच नेऊ नका.

पासपोर्ट प्रत्येक देशात शिरायच्या दिवसापासून पुढं सहा महिन्यांहून जास्त चालणारा असावा. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या नेदरलँड्ससारख्या युरोपीय देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. सगळ्यांची एकेक छापील प्रत पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत मुलाकडे. पासपोर्ट आणि थोडे पैसे कनवटीला. मी प्रत्येक सलवारीला आतून चोरखिसा शिवून घेतलाय, चेन लावून. शिंप्यानं एका खिशाचे तीस रुपये घेतले.

पॉवर बँक हातसामानातच न्यावी लागते, आणि तिची मर्यादा 100 वॅट-तास. वीस हजार एमएएचची साधारण 74 भरते, ती चालते. दोघींत एकच नेली. आपला दोन गोल पिनांचा मोबाईल चार्जर नेदरलँड्स, व्हिएतनाम, थायलंडमध्ये तसाच बसला. मलेशियात तीन चौकोनी पिनांचा सॉकेट असतो, तेवढ्यासाठी एक जोडणी न्या.

लोकांचं सामान

हे सगळं केलं तरी शेवटच्या दोन दिवसांत पिशवी फुगते, कारण घरोघरून पुडे येतात. अमक्याच्या मुलीला शेवया, तमक्याच्या नातवाला झबलं. नाही म्हणणं आपल्याकडे किती जड जातं ते मला माहीत आहे. 2025 ला निघायच्या आदल्या संध्याकाळी वन्सं दोन किलोचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरगा तिकडं एकटा, आणि तू मोकळ्या हातानं जायलीस?" मी त्यांना काट्यापाशी नेलं, पिशवी ठेवली, आकडा दाखवला. पावणेसात. मग म्हटलं, "वन्सं, यातलं तुम्ही काय काढता ते सांगा, तेवढा डबा नेते." त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. बराच वेळ लागला. शेवटी डब्यातले चार तिळाचे लाडू काढून माझ्या जाकिटाच्या खिशात घातले. तेवढेच माझ्याबरोबर गेले.

परक्याचा बंद पुडा मात्र कितीही ओळख असली तरी घेऊ नका. आत काय आहे ते विमानतळावर तुम्हाला विचारतात, देणाऱ्याला नाही. मी निघायची तारीख आता घरच्यांशिवाय कुणाला आधी सांगत नाही.

शेवटचा काटा

निघायच्या तीन दिवस आधी पूर्ण भरा, आदल्या रात्री नाही. हातात धरायचा छोटा काटा मिळतो, नाहीतर किराणा दुकानाचा आहेच. 2025 चा माझा हिशोब असा: पिशवी अकराशे, कपडे सव्वीसशे, चप्पल अडीचशे, साबण-तेल पाचशे, गोळ्या चारशे, मोबाईल-तारा-पॉवर बँक आठशे, कागद आणि वही तीनशे, पंचा दीडशे, शाल साडेतीनशे, धपाटे तीनशे. भरलेली पिशवी घेऊन गल्लीतून पंधरा मिनिटं चाला आणि परत येऊन एक वस्तू काढाच. मी त्या वेळी दुसरी वही काढली.

परतीचं मात्र आधीच धरून ठेवा. येताना पोरं सामान देतात आणि ते नाकारवत नाही. मी थंडीचा आतला जोड आणि जुना कुर्ता तिथंच धुऊन, घडी करून पुढच्या खेपेसाठी मुलाच्या कपाटात ठेवून आले. धपाटे संपलेले, गोळ्या संपलेल्या. सव्वा किलोची जागा निघाली. तिच्यात चीजचा एक गोळा आणि वन्संसाठी एक डबा बसला. त्यांच्या लाडवांच्या बदल्यात मुलानं त्यात तिथली पाकातली बिस्किटं भरून दिली होती.